'आजीवन' लायसन्स पैसे मोजून घेतलं, आज सॉफ्टवेअर उघडत नाही. मदत हवी आहे.

परळकर (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, डोकं जाग्यावर नाही. लिहिलेलं विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

मी लालबागला राहतो. लग्न, मुंज, साखरपुडा, मंडळांचे कार्यक्रम यांचं शूटिंग आणि मिक्सिंग गेली चौदा वर्षं करतोय. २०१९ मध्ये एक एडिटिंग सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं. सबस्क्रिप्शन नाही, एकरकमी. विक्रीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'आजीवन' असं लिहिलेलं होतं. दोन सीझनची शिल्लक त्यात घातली. जीएसटीसकट बिल आहे, आईच्या कपाटात दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवलंय.

गेल्या गुरुवारी लाइट दोनतीनदा गेली-आली आणि मदरबोर्ड उडाला. शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणून बसवला. हार्ड डिस्क तीच, फूटेज सुखरूप. सॉफ्टवेअर उघडलं तर समोर एक चौकट: हे लायसन्स या संगणकासाठी वैध नाही. लायसन्सची की, म्हणजे बिलाबरोबर आलेला कोड, परत टाकला, तर म्हणे सर्व्हरशी संपर्क होत नाही. कंपनीला मेल केला. आज दुपारी उत्तर आलं, की तुमची आवृत्ती जुनी झाली, तिची अ‍ॅक्टिव्हेशन सेवा बंद केली आहे, वार्षिक योजना घ्या, पहिल्या वर्षी सवलत देऊ.

आता खरी अडचण सांगतो. आमच्याच चाळीतल्या एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन येत्या रविवारी आहे. आजोबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते अडतिशीत होते. त्यांच्या मुलांनी मला सांगितलं, नुसते फोटो आणि गाणं नको, त्यांना बोलतं करा. तीन महिने मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे बसलो. अकरा तासांचं फूटेज आहे. त्यातून अडतीस मिनिटांची फिल्म बांधली.

एका जागी आजोबा तोंडाने गिरणीचा भोंगा काढून दाखवतात. आधी हलका, मग चढत जातो, आणि शेवटी त्यांचा श्वास संपतो तसा आवाज तुटतो. त्या तुटण्यावर मी कट घेतलाय, बरोबर त्या फ्रेमवर, आणि पुढे दोन सेकंद काहीच आवाज नाही, फक्त आजींचा चेहरा. हा एक कट लावायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती. तो कट त्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आहे आणि ती फाइल मला उघडता येत नाही.

काय करू?

मिक्सिंगवाला_ठाणे · सोमवार, रात्री ११:५८

दादा, वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे वेगळी तऱ्हा झाली होती. माझं वर्षाचं सबस्क्रिप्शन, पैसे डॉलरमध्ये कार्डावरून आपोआप जायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानगीचा नियम आला, त्यानुसार पैसे जायच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि तेव्हा पाच हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. नियम चांगला आहे, आपल्याच संरक्षणासाठी आहे. पण परदेशी विक्रेत्याची यंत्रणा त्याला तयार नव्हती. पैसे गेले नाहीत, मला कुणी कळवलं नाही, आणि ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत सॉफ्टवेअर बंद. खात्यात पैसे होते हो! द्यायची तयारी होती! २०२२ मध्ये मर्यादा पंधरा हजार झाली तेव्हा कुठे सुरळीत झालं.

टर्मिनेटर_पनवेल · मंगळवार, रात्री १२:१०

क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणीच उडवणारी फाइल टाका आणि झोपा. त्याच आवृत्तीचा सहज मिळतो.

परळकर · मंगळवार, रात्री १२:२५

सल्ल्याबद्दल आभार, पण नाही. पैसे भरलेत मी. स्वतःच्या पैशांनी घेतलेली वस्तू मी चोरून का वापरायची? माझ्या गल्लीत तिघं क्रॅकवर काम करतात, त्यांचं मशीन आज चालू आहे आणि माझं बंद. हे सलतंय, खोटं कशाला बोलू. पण म्हणून मी तिकडे जाणार नाही.

कोडकर · मंगळवार, सकाळी ७:५०

ऐरोलीला नोकरी करतो, लायसन्सिंगचा कोड काही वर्षं लिहिला आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

क्रॅकबद्दल परळकरांशी पूर्ण सहमत, आणि नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्या फायलींमधून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या घरचे व्हिडिओ आहेत तिथे ते नको.

आता तुमच्याकडे काय झालं असेल ते. अ‍ॅक्टिव्हेट करताना सॉफ्टवेअर तुमच्या मशीनचा ठसा घेतं. मदरबोर्डचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, डिस्कचा क्रमांक असं चार-पाच गोष्टींचं मिश्रण. तो ठसा सर्व्हरकडे जातो, सर्व्हर त्यावर सही करून एक छोटी फाइल परत देतो. रोज उघडताना सॉफ्टवेअर त्या फाइलमधला ठसा आणि समोरचं मशीन जुळवून बघतं. मदरबोर्ड बदलला की त्याच्या लेखी ते मशीनच दुसरं. मग नवी सही लागते, आणि सही देणारा सर्व्हरच बंद. म्हणून 'आजीवन' लायसन्सचं आयुष्य प्रत्यक्षात त्या मदरबोर्डाएवढं झालं.

सर्व्हर बंद का करतात, तेही सांगायला हवं. प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. जुनं सॉफ्टवेअर सर्व्हरशी टीएलएस १.० सारख्या जुन्या पद्धतीने बोलतं. त्या पद्धती सुरक्षित नाहीत म्हणून २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या. त्या चालू ठेवायच्या तर वेगळा सर्व्हर, त्यावर माणूस, खर्च. पण हा खर्च टाळायचा आणि ग्राहकालाही वाऱ्यावर सोडायचं नाही, असा मार्ग आहे. शेवटची एक आवृत्ती काढायची, जिला अ‍ॅक्टिव्हेशन लागतच नाही. अडोबीने हे केलेलं आहे. फोटोशॉप वगैरेंच्या सीएस २ या जुन्या संचाचा सर्व्हर त्यांनी २०१२ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा ते ज्यांनी विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली. म्हणजे करता येतं. तुमच्या कंपनीने केलं नाही, ही त्यांची निवड आहे.

एक महत्त्वाचा प्रश्न: हे लायसन्स किती मशीनवर चालायचं? एक की दोन?

जुनी_रीळ · मंगळवार, सकाळी ९:१५

मी या धंद्यात टेपच्या काळापासून आहे. यू-मॅटिक, बीटाकॅम, दोन डेक आणि मध्ये कंट्रोलर. त्या काळातलं मशीन बिघडलं तर मेकॅनिक यायचा, हेड साफ करायचा, बेल्ट बदलायचा. आपण विकत घेतलेल्या मशीनला परत सुरू व्हायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पहिला धक्का मला २०११ च्या जूनमध्ये बसला. अ‍ॅपलचं फायनल कट प्रो टेन हे एडिटिंग सॉफ्टवेअर आलं, आणि आमच्या फायनल कट सातच्या प्रोजेक्ट त्यात उघडेनात. सात विकणंही बंद केलं. अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये तेव्हा सगळा कारभार सातवर होता. आम्ही जुनी मॅक मशीनं तशीच ठेवली, सिस्टिम अपडेट करायची नाही असा कागद स्क्रीनवर चिकटवून. २०१७ मध्ये मॅकची हाय सिएरा ही नवी सिस्टिम आली आणि त्यावर सात चालणं संपलंच. माझ्याकडे एक मशीन आजही त्याच अवस्थेत जपून ठेवलेलं आहे, कारण एका दिवंगत शाहिरांच्या कार्यक्रमाची प्रोजेक्ट फक्त त्यात उघडते.

२०१३ च्या मे महिन्यात अडोबीने सांगितलं की सीएस ६ नंतर एकरकमी विक्री नाही, यापुढे भाडंच. तेव्हा तरुण मुलं म्हणाली, काका, महिन्याला थोडे थोडे जातात, बरं आहे. बरं होतंही, ज्यांच्याकडे एकदम पैसे नव्हते त्यांच्यासाठी. पण भाड्याच्या घरात आपण सामान ठेवतो ते आपलं असतं. इथे सामानसुद्धा त्यांच्या कुलपात राहतं. प्रोजेक्ट फाइल मी बनवली, निर्णय माझे, आणि ती वाचता येणारा प्रोग्रॅम एकच, तोही भाड्याचा.

परळकर, भोंग्यावरचा तुमचा कट मला न बघताही कळला. मी परळलाच वाढलो. तो परत मिळाला पाहिजे.

परळकर · मंगळवार, सकाळी १०:०५

कोडकर, लायसन्स दोन मशीनचं होतं! तुम्ही विचारल्यावर आठवलं. लॉकडाऊनमध्ये मी डोंबिवलीला ताईकडे अडकलो होतो, तेव्हा तिथल्या लॅपटॉपवर दुसरं अ‍ॅक्टिव्हेशन टाकलं होतं. नंतर भाच्याने नवीन लॅपटॉप घेतला. ताईला फोन केला, म्हणाली माळ्यावर आहे, पिशवीत. चार वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

कोडकर · मंगळवार, सकाळी १०:१२

थांबा, घाई करू नका. ताईंना फोन करून सांगा की तो कुणीही सुरू करू नये.

तुम्ही जाल तेव्हा आधी घरातलं वायफाय बंद करा, मग लॅपटॉप चालू करा. नेटला एक मिनिटभरही जोडू नका. जोडलात तर विंडोज अपडेट ओढायला लागेल आणि सॉफ्टवेअर त्या बंद सर्व्हरला विचारायला जाईल, उत्तर आलं नाही तर काय करेल याची खात्री नाही. दुसरं म्हणजे तारीख. चार वर्षं पडून असलेल्या लॅपटॉपचा आतला छोटा सेल बहुधा संपलेला असतो, तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षाची दिसेल. काही लायसन्स तारीख मागे गेली की फसवणूक समजून बंद पडतात. म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन आजची तारीख, वेळ नीट लावा. मोठी बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून थेट चार्जरवर चालवा, अर्थात बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर.

आणि उघडलं, तर पहिल्यांदा एक्सपोर्ट. बाकी सगळं नंतर.

टाइमलाइन · मंगळवार, सकाळी ११:३०

वर्सोव्याला आरामनगरमध्ये असिस्टंट एडिटर आहे. लॅपटॉप उघडला तर फिल्म एक्सपोर्ट करून थांबू नका, तिथेच प्रोजेक्टची सोडवणूक करा:

प्रत्येक टाइमलाइनची, म्हणजे क्लिपांच्या मांडणीची, एक्सएमएल फाइल काढा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एएएफ असेल तर तीही. ईडीएल सगळ्यात जुनी आणि सगळीकडे वाचली जाते, पण तिच्यात व्हिडिओचा एकच ट्रॅक नीट जातो, एकावर एक थर असतील तर प्रत्येक थराची वेगळी ईडीएल काढावी लागते. हे तीनही प्रकार कट कुठे आहे, कुठल्या क्लिपचा कुठला टाइमकोड आहे, एवढं सांगतात. टायटल, इफेक्ट, आवाजाचे बारीक चढउतार बरेचदा वाटेत गळतात. त्यामुळे टायटलशिवाय एक स्वच्छ मास्टर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या उत्तम दर्जाच्या व्हिडिओ प्रकारात काढा, आणि संवाद, संगीत, सभोवतालचे आवाज वेगवेगळ्या वेव्ह फायलींत. उद्या एक्सएमएलने दगा दिला तरी या मास्टरवर परत काम करता येतं.

पुढच्या कामांसाठी डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर बघा. ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये डाविंची कंपनी घेतली, त्यानंतर फुकट आवृत्ती आली. फुकटात ४के यूएचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं, वॉटरमार्क नाही. आपल्या लग्नवाल्यांना एकच जाच: नवीन मिररलेस कॅमेऱ्यांचं दहा-बिट ४:२:२ एच.२६५ फूटेज विंडोजवरच्या फुकट आवृत्तीत त्रास देतं, आधी प्रॉक्सी (कामापुरती हलकी प्रत) किंवा डीएनएक्सएचआर करून घ्यावं लागतं. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलर, एकदाच, दोन मशीनवर. तिचीही की नेटवरून अ‍ॅक्टिव्हेट होते, हे विसरू नका. डोळे झाकून कुणावरच विसंबू नका.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, लायसन्स सर्व्हर हा प्रकारच नाही. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. मी लहान कामं त्यावर करते. चित्राचे रंग सुधारायच्या मोठ्या कामाला ते पुरत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

सनद · मंगळवार, दुपारी ३:२०

वकिली करते, ग्राहक आयोगातली कामं बघते. परळकर, फिल्म सुटली तरी हा विषय सोडू नका, अशी कळकळीची विनंती.

तुमच्या मनात पहिली शंका येईल की मी तर धंद्यासाठी घेतलं, मग मी ग्राहक कसा? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. तुम्ही एकट्याने, घरून काम करता. तुम्ही ग्राहक आहात.

दुसरं, 'आम्ही परदेशी कंपनी, आमच्या करारात परदेशातलं न्यायालय' असं उत्तर येईल. घाबरू नका. या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची, आणि ती कारण घडल्यापासून मोजतात. तुम्हाला सेवा नाकारली ती काल. तो मेल जपून ठेवा, छापून ठेवा.

तिसरा मुद्दा जरा खोल आहे. २०१९ च्या कायद्यात 'अन्यायकारक करार' ही कल्पना पहिल्यांदा आली. एका पक्षाने सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवणं त्यात येतं. ती तक्रार जिल्ह्याकडे नाही, राज्य आयोगाकडे जाते. तुमच्या प्रकरणात मी आधी जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या बाजूने जाईन, कारण 'आजीवन' हा शब्द त्यांनी स्वतः छापलाय.

'सॉफ्टवेअर ही वस्तूच नाही, फक्त परवानगी' असंही म्हणतील. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार, बाजारात मिळणारं सॉफ्टवेअर ही वस्तू आहे असं ठरवलं. तो विक्रीकराचा खटला होता, त्यामुळे जसाच्या तसा इथे लागू होईल असं मी सांगणार नाही, पण युक्तिवादाला आधार आहे. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त लायसन्स मिळतंय हे ठळक सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं लिहायचं नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा व्हायला हवा, आणि तो तक्रारी नोंदल्या गेल्याशिवाय होणार नाही.

आज करायचं ते एवढंच: १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या. कागदपत्रं नीट लावायला मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या. १९७५ पासून हेच काम करतात.

केतकी_मुलुंड · मंगळवार, सायंकाळी ५:००

वाचतेय सगळं. माझा पाककृतींचा छोटा चॅनेल आहे, मला एक्सएमएल म्हणजे काय हे आजच कळलं. एक प्रश्न: सेटअपची फाइल स्वतःकडे ठेवणं कायदेशीर आहे का? माझ्या कंपनीने जुन्या आवृत्तीची डाउनलोड लिंकच काढून टाकली आहे.

सनद · मंगळवार, सायंकाळी ५:४०

केतकीताई, आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते. सेटअप, की, बिल, आणि विकत घेतलं त्या दिवशीच्या विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तो स्क्रीनशॉट कुणीच काढत नाही आणि नंतर सगळं त्याच्यावरच अडतं.

परळकर · बुधवार, सकाळी ६:१०

डोंबिवलीहून लिहितोय. रात्रभर झोपलो नाही.

काल संध्याकाळची परळहून कल्याण स्लो पकडली, मांडीवर हार्ड डिस्क घट्ट धरून. ताईने वायफायच्या राउटरची पिनच काढून ठेवली होती, भाचा त्याचा अभ्यास घेऊन शेजारी गेला. लॅपटॉप सुरू झाला. तारीख कोडकर म्हणाले तशीच मागे गेलेली होती, कित्येक वर्षं. ती बायोसमध्ये लावली. मग सॉफ्टवेअरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि डोळे मिटून बसलो. ताईच म्हणाली, "अरे बघ, उघडलं."

उघडलं! क्लिपा आधी लाल दिसत होत्या, ड्राइव्हचं अक्षर बदललं होतं म्हणून. ते जुळवल्यावर एकेक करून भरत गेल्या. मी आधी भोंग्यापाशी गेलो. कट जागेवर आहे.

लॅपटॉप जुना, अडतीस मिनिटांना पावणेसात तास लागले. टेबलफॅन त्याच्या बुडाशी लावून ठेवला होता. पहाटे पाचला एक्सपोर्ट संपलं. मग टाइमलाइनताईंनी सांगितलं तसं मास्टर, वेव्ह, एक्सएमएल काढलं. आणखी सदुसष्ट जुन्या प्रोजेक्ट आहेत, लोकांची लग्नं, मुंजी. त्यांच्या एक्सएमएल आज-उद्या इथेच बसून काढणार. तोपर्यंत ताईच्या घरी वायफाय बंद राहील. तिने एका शब्दाने कुरकुर केलेली नाही.

कोडकर, तुम्ही एक प्रश्न विचारलात म्हणून हे झालं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

जुनी_रीळ · बुधवार, सकाळी ६:३०

वा! जेवून घ्या आधी. आणि ड्राइव्ह दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय लोकलमध्ये चढू नका.

परळकर · सोमवार, दुपारी १:१५

काल कार्यक्रम झाला. चाळीच्या चौकात पांढरी चादर बांधून दाखवली. औक्षण झालं, मग दिवे बंद केले. भोंगा आला तेव्हा मागच्या बाकावरचे चार-पाच म्हातारे एकदम ताठ बसले. एकाने बाजूच्याला हळूच सांगितलं, "पहिली पाळी." आजोबा स्वतः पडद्याकडे बघत नव्हते, त्या माणसांकडे बघत होते.

१९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. २०१९ चं विक्रीचं पान माझ्याकडे नव्हतं, पण बिलावर वस्तूच्या नावापुढे 'आजीवन' छापलेलं सापडलं. आईच्या कपाटातून बिल काढून स्कॅन केलं. सनदताई, कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मी लिहिला आहे, तुम्हाला निरोप करतो, एकदा नजरेखालून घालाल का? सवलत नको, नवी योजना नको, अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी माझ्या आवृत्तीची प्रत द्या, एवढीच मागणी ठेवली आहे.

सनद · सोमवार, दुपारी १:४०

पाठवा. नुकसानभरपाईही मागा, गेलेल्या दिवसांची. आणि त्यांचा मेल आला ती तारीख मसुद्यात पहिल्याच ओळीत हवी.